देवदासी प्रथा : पुराणकथा, रूढी आणि वास्तव

देवाला वाहिलेली स्त्री म्हणजे देवदासी. या एका नावाखाली ज्या स्त्रियांची गणना होते, त्यांची जीवने मात्र एकसारखी नाहीत. तमिळनाडूतील मोठ्या मंदिरांत नृत्यगायनाची सेवा करणारी, इनाम जमीन व घर बाळगणारी देवरडियाळ, ओरिसातील जगन्नाथपुरीची महारी, गोव्यातील भावीण व कलावंतीण, बल्लारी–रायचूरकडील बसवी, तेलंगणातील जोगिनी, जेजुरीच्या खंडोबाची मुरळी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगतीण या सर्वांना कायद्याच्या भाषेत देवदासी म्हटले जाते. देवाशी लग्न लावणे व त्यामुळे मनुष्याशी लग्न करण्याचा अधिकार गमावणे, हा त्यांच्यातील समान धागा होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील यल्लम्मा संप्रदायाचा विचार केला आहे. येथे पुराणकथा आणि सामाजिक वास्तव यांच्यातील अंतर विशेष स्पष्ट दिसते. कथेत नसलेली आज्ञा रूढीने कथेच्या नावावर कशी खपविली, हेही येथेच उमगते.

देवदासींचे प्राचीन उल्लेख त्रोटक आहेत. छत्तीसगढमधील रामगढ टेकडीवरच्या जोगीमारा गुहेत सुतनुका नावाच्या देवदासीचा आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या देवदिन्न नावाच्या रूपदक्षाचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख असून तो सामान्यतः इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. देवाच्या दासीचा आपल्याकडील हा पहिला ज्ञात लेख एका माणसाच्या प्रेमाविषयी असावा, हे लक्षणीय आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात देवसेवेतून निवृत्त झालेल्या दासींना सूत काढण्याचे काम द्यावे, असे सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे सेवा संपल्यावर या स्त्रियांनी जगावे कसे, हा प्रश्न त्या काळीही राज्यकर्त्यापुढे होता. कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या महाकाल मंदिरातील नर्तकींचे वर्णन येते.

मंदिर ही मोठी आर्थिक संस्था बनल्यावर या सेवेला निश्चित स्वरूप आले. चोळ सम्राट पहिला राजराज याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी राज्यातील निरनिराळ्या मंदिरांतून ४०० स्त्रिया आणून वसविल्या. मंदिराच्या भिंतीवरील लेखात त्यांची नावे, त्यांच्या मूळ मंदिरांची नावे आणि त्यांना दिलेल्या घरांची नोंद आहे. प्रत्येकीला एक घर व वर्षाला १०० कलम धान्याचा एक वाटा नेमून दिला होता. स्त्रीच्या नावे वतन, त्या वतनाचा वारसा आणि मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक या गोष्टी त्या काळातील अन्य स्त्रियांच्या वाट्याला क्वचितच येत. ती विधवा होऊ शकत नसल्याने तिला नित्यसुमंगली मानीत आणि दक्षिणेत वधूच्या ताळीत तिच्या हातचे मणी ओवून घेणे शुभ समजत. या प्रतिष्ठेचे आकर्षण पुढील काळातील वादांत अनेकांना पडले. परंतु तंजावरच्या देवदासीची प्रतिष्ठा दाखवून सौंदत्तीच्या जोगतिणीच्या हलाखीचे समर्थन करता येत नाही. पहिलीच्या मागे राजसत्तेचे दान होते; दुसरीच्या मागे दुष्काळी रानातला, बहुधा भूमिहीन, संसार होता.

यल्लम्मा ही परशुरामाची माता रेणुका होय, अशी भक्तांची श्रद्धा आहे. रेणुकेची कथा महाभारताच्या वनपर्वात आली आहे. प्रसेनजित राजाची ही कन्या जमदग्नी ऋषीची पत्नी झाली. एकदा स्नानास गेली असता तिने चित्ररथ राजाला जलक्रीडा करताना पाहिले आणि तिचे मन क्षणभर विचलित झाले. जमदग्नीने हे ओळखून आपल्या पुत्रांना मातेचा वध करण्याची आज्ञा केली. चार पुत्रांनी ती पाळली नाही, म्हणून शापाने ते जडबुद्धी झाले. परशुरामाने मात्र परशूने मातेचा शिरच्छेद केला. संतुष्ट पित्याकडून त्याने जे वर मागितले त्यांत माता पुन्हा जिवंत व्हावी आणि आपला वध तिला आठवू नये, असे दोन वर होते. पुढे कार्तवीर्याच्या पुत्रांनी जमदग्नीची हत्या केली व परशुरामाने क्षत्रियसंहाराची प्रतिज्ञा केली. एवढ्या या कथेत कन्या देवाला वाहण्याचा निर्देश कोठेही नाही. उलट केवळ मनाने झालेल्या स्खलनासाठी येथे पत्नीला मृत्युदंड आहे. पातिव्रत्याची इतकी कठोर कल्पना मांडणाऱ्या कथेतील नायिकेच्या नावाने, एका पतीचा हक्कच नाकारलेल्या स्त्रियांचा वर्ग निर्माण व्हावा, ही विसंगती ग्रंथांच्या आधारे उलगडत नाही.

लोककथेकडे वळल्यास काही उलगडा होतो. महाभारतातील रेणुकेला विस्मरणाचा वर मिळाला. लोककथेतील यल्लम्माला तो मिळालेला नाही. लोकांमध्ये प्रचलित असलेल्या कथेत ती रोज ओल्या वाळूचा घट घडवून, नागाची चुंबळ करून पाणी आणते; मन ढळताच घट घडेनासा होतो. जमदग्नीच्या शापाने तिचे शरीर व्याधिग्रस्त होते. ती रानोमाळ भटकते, एकय्या व जोगय्या या सिद्धांच्या उपचाराने बरी होते आणि घरोघर जोगवा मागते. सौंदत्तीच्या डोंगराजवळील जोगुळभावी या कुंडातील स्नान, अंगाला लावायची हळद आणि नेसायचा कडुलिंब यांचा संबंध या कथाभागाशी जोडतात. शिरच्छेदाच्या प्रसंगी मातंगी ही अस्पृश्य जातीची स्त्री रेणुकेला कवटाळून उभी राहते. परशुरामाच्या घावाने दोघींची शिरे उडतात आणि पुन्हा जोडताना त्यांची अदलाबदल होते. शिर रेणुकेचे व धड मातंगीचे अशी एक देवी आणि शिर मातंगीचे व धड रेणुकेचे अशी दुसरी, दोन्ही पूज्य ठरतात. दक्षिणेत मारिअम्मनविषयीही या प्रकारची कथा सांगतात. सौंदत्तीस मातंगीचे स्थान यल्लम्माच्या परिसरातच आहे. देवतांच्या देहांची अशी सरमिसळ मान्य करणाऱ्या गावांनी मातंगीच्या जातीला विसाव्या शतकातही पाणवठ्यावर येऊ दिले नाही. कथेतील उदारता आचारात उतरलीच, तर ती एका ठिकाणी उतरली : या जातींच्या मुली देवीला चालत.

रेणुकेच्या उपासनेचे मूळ भूदेवीच्या पूजेत असावे, असे रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात साधार दाखविले आहे. रेणू म्हणजे मातीचा कण. वारूळ हे तिचे प्रतीक. शिराऐवजी कमळ असलेल्या किंवा शिरच नसलेल्या मातृमूर्ती तिच्याच परिवारातील. ही मीमांसा ग्राह्य धरली, तर शिरच्छेदाची कथा ही शिरोविहीन मूर्तीचा अर्थ लावण्यासाठी मागाहून रचलेली ठरते आणि पातिव्रत्याचा धडाही तिच्यावर नंतरच चढविलेला ठरतो. सुफलतेच्या प्राचीन विधींत अविवाहित स्त्रीपुरुषसंबंधांना काही स्थान असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र प्रथेचे मूळ सुफलताविधीत शोधता आले, तरी विसाव्या शतकापर्यंत ती का टिकली याचे उत्तर तेथे मिळत नाही. त्यासाठी विधी कोणावर होत होता हे पाहावे लागते.

देवीला सोडावयाच्या मुलीला जोगुळभावीत स्नान घालून, लिंब नेसवून मंदिरात नेत. जुन्या जोगतिणी तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, म्हणजे ‘दर्शन’, बांधीत. हेच तिचे मंगळसूत्र. परडी, कवड्यांची माळ आणि डोक्यावर वाहावयाचा देवीचा ‘जग’ ही तिची पुढील आयुष्याची साधने. चौंडके व तुणतुणे ही वाद्ये. बहुतेक मुली वयात येण्यापूर्वीच सोडल्या जात. वयात आल्यावर एखाद्या पुरुषाने तिला ठेवून घ्यावयाचे, याला ‘झुलवा लावणे’ म्हणतात. त्यात पुरुषावर कसलेही बंधन नसे. अपत्यांना त्याचे नाव मिळत नसे व त्याच्या घरावर हक्कही नसे. मार्गशीर्ष पौर्णिमेस जमदग्नीच्या मृत्यूमुळे देवीला वैधव्य येते, म्हणून जोगतिणी आपल्या बांगड्या फोडतात. या तिथीला ‘रांडाव पुनव’ असे नाव आहे. पुढे ठरलेल्या पौर्णिमेस देवी पुन्हा सुवासिनी होते आणि त्याही चुडा भरतात. नित्यसुवासिनी म्हटल्या जाणाऱ्या या स्त्रिया दरवर्षी विधवेचे दुःख पाळतात, पत्नीचा हक्क मात्र त्यांना कोणत्याच पौर्णिमेस मिळत नाही.

हाच आचार वरच्या थरांत वेगळे रूप घेतो. मंगळवारी वा शुक्रवारी पाच घरी जोगवा मागणे हा महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण व मराठा कुटुंबांचा कुलाचार आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूरची रेणुका ही त्यांतील कित्येकांची कुलदेवता होय. एकनाथांनी जोगव्यावर आध्यात्मिक रूपक रचले आहे. परंतु या घरांतील सुवासिनी पाच घरे मागून आपल्या संसारात परत येते. जोगतिणीला परतण्यासाठी घरच उरत नाही. खंडोबाच्या उपासनेतही हा भेद आहे. घरवाघ्या हा ठराविक दिवशी वारी मागून एरवी आपला प्रपंच करतो. दारवाघ्याचा मात्र भिक्षा हाच प्रपंच. मुरळीला तर घरमुरळी होण्याची सवलत जवळजवळ नव्हतीच. खंडोबाच्या कथेत लिंगायत वाणी कुळातील म्हाळसा आणि धनगर बाणाई या दोघी त्याच्या पत्नी म्हणून नांदतात, त्यांच्या भांडणांची गाणी जागरणात रंगतात. पण नऊ कवड्यांचा गाठा बांधून त्याच देवाची झालेल्या मुरळीला पत्नीचा मान मिळत नाही. नवस एकच, पण ज्याच्याजवळ जमीन व जात होती त्याने तो प्रतीकाने फेडला आणि ज्याच्याजवळ यांपैकी काही नव्हते त्याने तो मुलीच्या आयुष्याने फेडला.

मुलगी सोडण्याची जी कारणे स्वतः जोगतिणी सांगतात, त्यांत डोक्यात जट येणे, घरातील दीर्घ आजार, जनावरांचे मरण, मुलगा न होणे ही प्रमुख असतात. जट म्हणजे तेल-पाण्यावाचून गुंतलेले केस. परंतु तिला देवीचे बोलावणे समजले की ती कापण्याचे धैर्य कोणी करीत नसे. या श्रद्धेच्या आड एक व्यावहारिक हिशेबही असे. मुलगी लग्न करून गेली की तिचे श्रम सासरचे होतात; देवीला सोडली की ती माहेरी राहते, कमावते, म्हाताऱ्या आईबापांना पोसते आणि धाकट्या भावंडांची लग्ने लावते. पुत्र नसलेल्या घरात बसवी सोडलेली मुलगी पुत्राप्रमाणे वारस होई व वंश तिच्या अपत्यांकडून चाले. हिंदू कुटुंबव्यवस्थेने कन्येला जे नाकारले, ते तिला कन्या न राहता देवाची बायको झाल्यावर मिळे. प्रथेच्या चिवटपणाचे हे कारण धर्मशास्त्रापेक्षा महत्त्वाचे आहे. सुधारकांच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख फारसा येत नाही.

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाला न्यायालयाने प्रथम हात घातला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७२ व ३७३ या कलमांनी अल्पवयीन मुलीस वेश्याव्यवसायासाठी देणे वा घेणे हा गुन्हा ठरला. मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण या खटल्यात (१८८०) मुंबई उच्च न्यायालयाने नायकिणीने घेतलेले दत्तक कायद्यास मान्य नसल्याचा निर्णय दिला. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र काही मर्यादांत असे दत्तक मान्य केले. मुंबईच्या निर्णयामागे नीतीची चाड होती, यात शंका नाही. परंतु त्याचा प्रत्यक्ष परिणाम स्त्रीकडून स्त्रीकडे जाणारा वारसा तुटण्यात झाला. ज्या पुरुषांच्या आश्रयावर ही व्यवस्था चाले, त्यांना निर्णयाची झळ लागली नाही.

म्हैसूर संस्थानाने १९०९ मध्ये सरकारी देखरेखीखालील मंदिरांतून देवदासींची सेवा बंद केली. मद्रास इलाख्यात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी (१८८६–१९६८) यांनी विधिमंडळात १९२७ पासून हा विषय लावून धरला. त्यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९२९ च्या दुरुस्तीमुळे देवदासींच्या इनाम जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या. संपूर्ण प्रतिबंधक कायदा १९४७ मध्ये आला. देवदासींच्या संघटनांनी त्या वेळी विरोधी निवेदने दिली, हे विसरता येत नाही. आपली मालमत्ता, कला व जुना अधिकार यांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे देवदासी परंपरेतच वाढलेल्या मूवलूर रामामिर्थम् यांनी निर्मूलनासाठी जन्मभर प्रचार केला. पुढे सदिर हे नृत्य भरतनाट्यम् या नावाने उच्चवर्णीय घरांतील मुलींच्या शिक्षणाचा भाग बनले. कला प्रतिष्ठित झाली, ती जतन करणारी घराणी मागे पडली. गोव्यातील कलावंत-भाविणींच्या समाजाने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वतःच संघटित होऊन मुलींची शेजविधी बंद करणे व मुलांना शिकविणे हा मार्ग धरला. राजाराम पैंगीणकर यांचे मी कोण? (१९६९) हे आत्मचरित्र या स्थित्यंतराचे महत्त्वाचे साधन आहे.

महाराष्ट्रात या चळवळीचा आरंभ ज्यांच्या मुली वाहिल्या जात त्याच समाजांतून झाला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सोमवंशीय मित्र या आपल्या पत्रातून (१९०८) मुरळ्यांना उद्देशून आवाहन केले. त्याला शिवूबाई या मुरळीने पत्र लिहून उत्तर दिले. आपल्या स्थितीविषयी एका मुरळीने स्वतः छापील पत्रात लिहावे, ही घटना मराठी समाजेतिहासात अपूर्व होय. कांबळे यांच्या चळवळीतील एका कार्यकर्त्याने तिच्याशी विवाह केला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनीही मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लोकमत जागृत केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळी सोडण्यास कायद्याने बंदी केली. सौंदत्तीच्या यात्रेला जाणारा मोठा भक्तवर्ग कोल्हापूर भागातला असल्यामुळे या बंदीला विशेष अर्थ होता. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर सभागृहात वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी इत्यादींची सभा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मांतराच्या घोषणेस पाठिंबा देण्यासाठी भरली होती. आंबेडकरांनी त्यांचे केवळ अभिनंदन केले नाही. हीनपणाचे जीवन सोडल्यावाचून नुसत्या धर्मांतराने उन्नती होणार नाही, असे त्यांना स्पष्ट बजावले. देवाच्या नावाने ज्यांचे जीवन बांधले गेले होते त्यांनी तो धर्मच सोडण्याची तयारी दाखवावी, याचा अर्थ आंबेडकरांच्या टीकाकारांनी फारसा ध्यानात घेतलेला दिसत नाही.

मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा आहे. त्याने मुलगी वाहणे बेकायदा ठरविले आणि वाहिलेल्या स्त्रीने केलेला विवाह वैध मानला. तरतूद चांगली होती, अंमलबजावणी नाममात्र राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, धारवाड व विजापूर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सौंदत्तीचे क्षेत्र एका राज्यात आणि भक्तांपैकी मोठा भाग कोल्हापूर, सांगली, सोलापूर या दुसऱ्या राज्यातील जिल्ह्यांत, अशी स्थिती झाली. मुलगी एका राज्यात वाहिली जाई, राही दुसऱ्या राज्यात आणि तिच्यापैकी कित्येकींची अखेर मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत होई. प्रश्न कोणत्या शासनाचा, हे ठरविण्यातच बराच काळ गेला.

सत्तरीच्या दशकात या विषयाला पुन्हा चालना मिळाली. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद झाली. गडहिंग्लज व निपाणी ही त्यानंतरच्या कामाची प्रमुख केंद्रे बनली. जट सोडविणे, विवाह जुळविणे, मुलांसाठी वसतिगृहे आणि निवृत्तिवेतनाची मागणी असे त्याचे स्वरूप होते. राजन गवस यांच्या चौंडकं (१९८५) व भंडारभोग (१९८८) आणि उत्तम बंडू तुपे यांची झुलवा या कादंबऱ्यांनी हे जग मराठी वाचकांपुढे आणले. भंडारभोग मधील जोगत्याचे चित्रण विशेष उल्लेखनीय आहे. कारण देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेष धारण करणाऱ्या पुरुषांचा विचार कायद्याने वा चळवळीने बराच काळ केलाच नव्हता.

कर्नाटकाचा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा १९८२ मध्ये, आंध्र प्रदेशाचा १९८८ मध्ये आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ मध्ये मंजूर झाला. शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्ती येथे रेणुकांबेच्या यात्रेत होणाऱ्या नग्नपूजेवर १९८६ मधील हिंसक प्रकारानंतर बंदी आली. विशाल जीत खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने देवदासी व जोगिनी प्रथांच्या उच्चाटनासाठी राज्यांना निदेश दिले. २०१४ मध्येही एका मंदिरात होऊ घातलेले समर्पण थांबविण्याविषयी त्या न्यायालयाला कर्नाटक शासनास सांगावे लागले. कायद्यांमुळे मंदिरातील उघड विधी थांबला. तो घरात, रात्री, चार माणसांत होऊ लागला. मण्यांची माळ बांधण्यास पुजाऱ्याची गरज नसते. शिवाय कायद्याने गुन्हेगार ठरते ती बहुधा मुलीची आई, आणि पुष्कळदा ती स्वतःच जोगतीण असते. आईला तुरुंगात पाठविण्यासाठी मुलगी तक्रार करीत नाही आणि तिला ठेवून घेणाऱ्या पुरुषाचे नाव फिर्यादीत सहसा येत नाही. दत्तकाच्या १८८० च्या निर्णयात जो एकांगीपणा होता, तो शंभर वर्षांनंतरही पुरता गेलेला नव्हता.

कर्नाटक शासनाने १९९३–९४ मध्ये केलेल्या पाहणीत २२,८७३ देवदासींची नोंद झाली. २००७–०८ च्या दुसऱ्या पाहणीनंतर एकूण आकडा ४६,००० च्या पुढे गेला. याचा अर्थ मधल्या काळात तितक्या मुली सोडल्या गेल्या असा नव्हे. पहिल्या वेळी नाव सांगण्यास न धजावलेल्या स्त्रिया काही लाभ मिळतो असे दिसल्यावर पुढे आल्या, हेही एक कारण संभवते. बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभा येथे १९९७ मध्ये देवदासी स्त्रियांनीच चालविलेली संस्था स्थापन झाली. यात्रेच्या दिवसांत नवीन मुली आणल्या जात नाहीत ना, यावर तिच्या सभासद लक्ष ठेवतात. यांतील अनेकींची यल्लम्मावरील श्रद्धा कायम आहे. देवी नाकारावी असे त्यांना वाटत नाही. तिच्या नावाने मुलगी मागणाऱ्यांना त्या नकार देतात. प्रबोधनाच्या प्रारंभीच्या कार्यकर्त्यांना ही भूमिका अर्धवट वाटत असे. प्रत्यक्षात तिचा उपयोग व्याख्यानांपेक्षा अधिक झालेला दिसतो. कारण देवीचा कोप होईल ही भीती दुसऱ्या जोगतिणीच्या शब्दानेच अधिक लवकर दूर होते.

पुनर्वसनाच्या योजनांचा रोख दीर्घकाळ विवाहावर राहिला. देवदासीशी किंवा तिच्या मुलीशी विवाह करणाऱ्यास अनुदान देण्याची पद्धत त्यातूनच आली. अनुदान घेऊन पत्नीला सोडून देणारे पुरुषही निघाले, आणि नवऱ्यावाचून स्त्रीचे पुनर्वसन होत नाही हे जुने गृहीतक शासनानेही सोडले नव्हते, अशी टीका कार्यकर्त्यांनी केली आहे. जमीन, घर व निवृत्तिवेतन या मागण्या त्या मानाने मागे पडल्या. वारसाच्या बाबतीत मात्र सर्वसाधारण कायद्याची मदत झाली : महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी १९९४ मध्ये आणि केंद्र शासनाने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. पूर्वी पुत्रहीन घराने मुलीला बसवी करून जे साधावयाचे, ते आता तिचे लग्न झाले तरी साधते. ज्या घरात वाटून घेण्यास काहीच नाही, तेथे ही दुरुस्ती निरुपयोगी आहे आणि जोगतिणींची बहुसंख्य घरे तशीच आहेत.

अपत्यांपुढील अडचण वेगळी असते. शाळेच्या दाखल्यावर पित्याचे नाव मागितले जाई, तेव्हा कोणी मामाचे तर कोणी आजोबांचे नाव लावी. काहींनी देवाचेच नाव लावल्याची उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम अनिवार्य करण्यात आला आहे.